नवरा फिल्डला, घरी आजारी सासरे आणि सेरेब्रल पाल्सीची मुलगी: घराजवळ पोस्टिंगसाठी अर्ज कुणी आणि कसा करायचा?

माणदेशची_सून

(पलटणीचा नंबर आणि ठिकाण मागाहून काढले आहे.)

नमस्कार. माझे मिस्टर मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक आहेत. सर्व्हिसची अकरा वर्षं पुरी झाली. पलटण सध्या नॉर्दर्न कमांडमध्ये फिल्डला, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा भागात आहे. आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीपासून आत.

घरात मी, चार वर्षांची मुलगी आणि सासरे. सासूबाई नाहीत. मिस्टर एकुलते एक, नणंद मुंबईला दिलेली. दिवाळीनंतर सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. उजवी बाजू गेली. बोलणं थोडं परत आलंय, पण उठवणं, बसवणं, संडासला नेणं, कूस बदलणं सगळं दुसऱ्यानेच करायचं. आण्णा अंगाने थोराड आहेत, मला एकटीला पेलत नाहीत. शेजारचा मुलगा हाक मारली की येतो, पण रात्रीअपरात्री कुणाला किती हाका मारायच्या?

मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. मान उशिरा धरली, अजून आधाराशिवाय उभी राहत नाही. समजतं मात्र सगळं. फोनवर बाबांचा आवाज आला की तिचे पाय लागलीच हलायला लागतात. तिची फिजिओथेरपी साताऱ्याला. सकाळची एसटी धरायची, पुसेगाव, कोरेगाव करत मांडीवर तिला घेऊन जायचं, आणि त्या दिवशी आण्णांजवळ कुणाला तरी बसवून जायचं. बसायला कुणी मिळालं नाही की फिजिओ बुडते. डॉक्टर सांगतात की या वयात खंड पाडू नका, नंतर स्नायू आखडत जातात. मला ते समजतं, पण आण्णांना उपाशी आणि ओल्यात ठेवून मी कशी जाऊ?

त्यात भावकीने विहिरीकडची वाट नांगरून टाकली. घरात उभा राहणारा पुरुष नाही हे बघूनच टाकली.

मिस्टर कमांडरशी बोलायला तयार नाहीत. म्हणतात, "पलटणीत प्रत्येकाच्या घरी काहीतरी असतंच, मी काय तोंड घेऊन जाऊ?" मी विचारते ते एवढ्यासाठी: कोल्हापूरची टीए (प्रादेशिक सेना) बटालियन किंवा साताऱ्यात एनसीसी असं काही मिळू शकतं का? मी स्वतः बेळगावला रेकॉर्ड ऑफिसला (जिथून जवानांच्या पोस्टिंगचे हुकूम निघतात) पत्र लिहू का? त्याने त्यांच्या प्रमोशनवर काही येईल का? आणि एक जण "ओळख आहे, काम करून देतो" म्हणून पैसे मागतोय. अजून दिलेले नाहीत.

जुना_हेडक्लार्क (निवृत्त सुभेदार, खटाव)

ताई, आधी प्रश्नातून पलटणीचा नंबर आणि जागेचं नाव काढा. कुणी विचारलं तरी इथे लिहू नका. फिल्डमधल्या पलटणीची माहिती अशी उघड्यावर ठेवायची नसते. (काढलंत, बरं केलंत.)

दुसरं, त्या पैसे मागणाऱ्याला आजच नको म्हणून सांगा. पोस्टिंग पलटणीच्या शिफारशीवर आणि रेकॉर्डच्या हुकमावर होते, मधे असल्या माणसाला जागाच नाही. त्याला दिलेले पैसे बुडतील हे तर आहेच, पण अशा भानगडीत तुमच्या मिस्टरांचं नाव आलं तर शिस्तीची कारवाई त्यांच्यावर होईल. आमदार-खासदारांचं पत्र जोडू म्हणणारेही भेटतील. तेही नको. बाहेरून वजन टाकणं फौजेच्या नियमात बसत नाही, आणि चांगला अर्ज त्याने नासतो.

आता मुख्य गोष्ट. अर्ज मिस्टरांनीच करायचा, स्वतःच्या सहीने, कंपनी कमांडरमार्फत. तिथून सीओ साहेबांकडे, म्हणजे पलटणीच्या प्रमुखांकडे इंटरव्ह्यू, मग साहेबांच्या शिफारशीसह कागद बेळगावच्या रेकॉर्डला. तुम्ही थेट रेकॉर्डला किंवा दिल्लीला पत्र लिहिलंत तर ते फेकून देत नाहीत, पण अभिप्रायासाठी फिरून पलटणीतच येतं. तेव्हा सीओ साहेब पहिला प्रश्न विचारतात, "या जवानाने आपल्याला का सांगितलं नाही?" म्हणजे वेळ गेला तो गेला, वर जवानाची मान खाली.

मी बरीच वर्षं पलटणीच्या ऑफिसात काढली. असे अर्ज माझ्या टेबलावरून खूप गेले. अडायचे ते एका ठरावीक तऱ्हेचे. "घरगुती अडचण आहे, घराजवळ पोस्टिंग मिळावी, ही नम्र विनंती." एवढंच! काय अडचण, कोण आजारी, घरात आणखी कोण आहे, किती दिवस लागतील, काही नाही. साहेब शिफारस करणार ती कशाच्या जोरावर? उलट ज्याच्या अर्जात माणसं, आजार, तारखा आणि कागद असायचे, त्याच्यासाठी साहेब स्वतः फोन उचलायचे. मी पाहिलंय.

यांना लाज वाटते ते मला समजतं. आपला माणूस तसाच असतो. पण त्यांना माझं एवढं सांगा: घरची अडचण सांगणं हे काम टाळणं नव्हे. साहेबलोकांना रात्री पोस्टवर असा जवान हवा असतो ज्याचं डोकं जागेवर आहे. मनात घर जळत असलेला माणूस हातात रायफल घेऊन उभा आहे, हे कमांडरला ठाऊक असायलाच पाहिजे. म्हणून तर दरबार असतो, इंटरव्ह्यू असतो, सुभेदार मेजर असतात. सीओशी एकदम बोलवत नसेल तर आधी प्लाटूनच्या जेसीओ साहेबांशी (नायब सुभेदार, सुभेदार), नाहीतर एसएम म्हणजे सुभेदार मेजर साहेबांशी बोलू द्या. पुढची वाट ते काढतात.

कागदांचं बघा. मुलीचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) कार्ड झालंय का? नसेल तर साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात मंडळासमोर न्या. खाजगी डॉक्टरची चिठ्ठी चालत नाही असं नाही, पण सरकारी किंवा मिलिटरी हॉस्पिटलच्या कागदापुढे ती हलकी पडते. आण्णांच्या डिस्चार्ज कार्डाबरोबर सरकारी डॉक्टरकडून स्पष्ट लिहून घ्या की रोजच्या हालचालीला दुसरा माणूस लागतो. त्या एका वाक्याला फार किंमत आहे.

मग साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. घरची परिस्थिती खरी आहे का याची पडताळणी बहुतेक त्यांच्याकडूनच मागवतात. तुम्ही आधीच जाऊन भेटलात, कल्याण संघटक एकदा घर बघून गेले, तर रेकॉर्डचं पत्र आल्यावर कागद महिनोन्महिने पडून राहत नाही.

आणि हे आत्ताच तपासा: मुलीचं नाव आणि आण्णांचं आश्रित म्हणून नाव पार्ट टू ऑर्डरला (जवानाच्या नोंदींचा पलटणीचा अधिकृत हुकूम) छापलंय का? किंड्रेड रोलमध्ये, म्हणजे कुटुंबाच्या यादीत आहे का? कित्येक जवान लग्नानंतर बायकोचं नाव चढवतात आणि आईवडिलांचं राहून जातं. फौजेच्या दृष्टीने जो कागदावर नाही तो घरात नाही. आण्णांना मिलिटरी हॉस्पिटलचा इलाज मिळवायचा तरी हेच लागेल. त्यात उत्पन्नाची मर्यादा आहे, तेव्हा तहसीलचा उत्पन्नाचा दाखलाही काढून ठेवा.

आता कोल्हापूर आणि साताऱ्याबद्दल. मन मोडायचं नाही, पण खरं सांगतो. कोल्हापूरची १०९ टीए मराठ्यांचीच आहे, पण टीए म्हणजे कायम कोल्हापुरात असं समजू नका. टीएच्या इन्फंट्री बटालियनी काश्मीरला आणि पूर्वेला ड्युटीवर जातात. पोस्टिंग कोल्हापूरच्या पलटणीत आणि माणूस पुन्हा डोंगरात, असं होऊ शकतं. एनसीसीत पर्मनंट स्टाफ मुख्यतः हवालदार आणि जेसीओ असतात, नाइकाला ती वाट अवघड. माझ्या मते बेळगावचं रेजिमेंटल सेंटर मागणं जास्त बरं. रात्रीच्या गाडीने सकाळी साताऱ्यात. अर्जात दोन-तीन पर्याय लिहावेत, एकाच जागेचा हट्ट धरला की "व्हेकन्सी नाही" एवढ्या दोन शब्दांत उत्तर येतं. पोस्टिंगला वेळ लागणार असेल तर तोवर काही काळाची अटॅचमेंट, म्हणजे घराजवळच्या युनिटात तात्पुरती ड्युटी मागता येते, तेही लिहा.

प्रमोशन. अर्ज केला म्हणून कुणी बढती रोखत नाही. पण यांचं हवालदारकीचं कॅडर (बढतीसाठीचा कोर्स) झालंय का ते विचारा. नसेल तर निघण्याआधी ते पास करून घेणं शहाणपणाचं. पलटणीबाहेर राहून कॅडरचा नंबर लावायला धावपळ होते.

वानवडीची_आई

ताई, सुभेदार काकांनी लिहिलं ते सगळं बरोबर आहे. पण मला थोडं वेगळं सांगायचंय, आणि कळकळीने सांगतेय.

माझ्या मुलाला ऐकू येत नाही. त्याचे बाबा फिल्डला होते तेव्हा मीही गावाकडून हेच मागत होते, यांना इकडे आणा. मग एका फौजी बहिणीने मला विचारलं, "तुला नवरा गावात पाहिजे की मुलाचा इलाज पाहिजे?" तेव्हा मला राग आला होता. पण प्रश्न खरा होता. घरच्या अडचणीमुळे मिळणारी ही कम्पॅशनेट पोस्टिंग मुदतीची असते. मुदत संपली की ते परत जाणार. तुमची मुलगी तेव्हा सहा-सात वर्षांची असेल, आणि सातारा तितकंच लांब असेल.

म्हणून मी पुण्याला आले. नवरा फिल्डला असेल तर फॅमिलीसाठी सेपरेटेड फॅमिली क्वार्टर मिळतं. पलटणीकडून फिल्डला असल्याचा दाखला आणायचा आणि स्टेशन हेडक्वार्टरला अर्ज करायचा. वेटिंग असतं, लगेच मिळेल असं नाही. तोवर भाड्याने राहायचं असेल तर फॅमिली निवडलेल्या जागी राहते म्हणून तिथला घरभाडे भत्ता मागता येतो, त्याला एसपीआर म्हणतात. पलटणीच्या क्लार्कला विचारलं की सांगेल.

इथे वानवडीला कमांड हॉस्पिटल आहे. मुलांचे डॉक्टर, फिजिओ, गरज पडली तर हाडांचे डॉक्टर, सगळे एका आवारात. आवाच्या (फौजी पत्नींच्या कल्याण संघटनेच्या) आशा शाळा आहेत खास मुलांसाठी, पुण्यातही आहे. तिथे मला पहिल्यांदा कुणी "अरेरे" म्हणालं नाही. बाकीच्या आयांकडून जे शिकले ते कुठल्या डॉक्टरने सांगितलं नव्हतं: मुलाला भरवायचं कसं, बसवायचं कसं, स्वतःची पाठ कशी सांभाळायची. तुम्ही चार वर्षांच्या मुलीला आणि थोराड माणसाला एकटीने उचलता. पाठ गेली तर घरच बसेल हो!

मुलांचा शिक्षण भत्ता दिव्यांग मुलासाठी दुप्पट मिळतो. तो घेताय का? बऱ्याच जणींना ठाऊकच नसतं.

माणदेशची_सून

काका, ताई, दोघांचे खूप आभार. रात्री आण्णांचं आवरून झाल्यावर सगळं दोनदा वाचलं.

ताई, तुमचं पटतं. मुलीचाच विचार केला तर मी उद्या पुण्याला येईन. पण आण्णा गाव सोडायला तयार नाहीत. एकदा विषय काढला तर डाव्या हाताने उंबऱ्याकडे बोट दाखवून रडायला लागले. त्यांना सोडून मी जाऊ शकत नाही, आणि उचलून नेऊही शकत नाही. नणंदेच्या एका खोलीत सहा माणसं आहेत.

काका, पार्ट टू ऑर्डरचं विचारलं. मुलीचं आहे. आण्णांचं नाही. सासूबाईंचं होतं म्हणे, आण्णांचं राहिलं. मिस्टर म्हणाले क्लार्ककडे लगेच कागद देतो. शिक्षण भत्त्याचं माहीत नव्हतं.

वाटेचं काय करू? भावकीतल्यांनी आता विहिरीवरची मोटर पण आमची नाही म्हणायला सुरुवात केलीय. कोर्टात गेलो तर मिस्टरांना तारखांना यावं लागेल ना? आणि पोस्टिंगला नकार आला तर कोर्टात जाता येतं का?

वकीलसाहेब_करवीर

नमस्कार ताई. मी फौजी कुटुंबांचे खटले चालवतो, दोन्ही प्रश्नांची उत्तरं देतो.

वाट अडवली असेल तर १९०६ चा मामलतदार कोर्ट्स अ‍ॅक्ट तुमच्या कामाचा आहे. त्याखाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. पण अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, म्हणून तारीख आठवा आणि बसून राहू नका. सातबारा, फेरफार, विहिरीची नोंद, मोटरचं वीजबिल कुणाच्या नावावर येतं ते, आणि नांगरलेल्या वाटेचे फोटो काढून ठेवा. हद्दीबद्दल वाद असेल तर भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज वेगळा टाका. मिस्टरांनी तुमच्या नावे मुखत्यारपत्र करून दिलं तर प्रत्येक कामाला त्यांना यायला नको.

याशिवाय सीओंकडून जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना पत्र पाठवता येतं की आमच्या जवानाच्या कुटुंबाला असा त्रास होतोय, लक्ष घालावं. जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात, त्यामुळे असं पत्र योग्य टेबलावर पोचतं. आणि उलट भावकीनेच दिवाणी दावा ठोकला तर घाबरू नका. १९२५ चा इंडियन सोल्जर्स लिटिगेशन अ‍ॅक्ट आहे. जवान कायद्यात सांगितलेल्या विशेष परिस्थितीत ड्युटीवर असेल तर तसा दाखला कोर्टात येतो आणि त्याच्या गैरहजेरीत निकाल लावून मोकळं होता येत नाही. बऱ्याच वकिलांनाही हा कायदा आठवत नाही, तुमच्या वकिलांना नावानिशी सांगा.

आता पोस्टिंगचा नकार. सशस्त्र दल न्यायाधिकरण, ज्याला आपण एएफटी म्हणतो, ते बदली आणि पोस्टिंगचे वाद ऐकत नाही. २००७ च्या कायद्यातच हा विषय बाहेर ठेवलाय. उरतं हायकोर्ट. सातारा जिल्ह्याला आता मुंबई गाठावी लागत नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय. पण तिथेही आशा किती ठेवावी ते सांगतो. मेजर जनरल जे. के. बन्सल यांच्या खटल्यात २००५ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं की बदलीत कोर्टाने एरवीही फारसा हात घालू नये आणि सैन्यदलाच्या बाबतीत तर त्याहून कमी. त्यामुळे "अमुक ठिकाणी पाठवा" असा हुकूम कोर्टाकडून अपेक्षू नये. फार तर अर्जावर अमुक मुदतीत विचार करून कारणांसह उत्तर द्या, इतकं मिळू शकतं.

त्याआधी आर्मी अ‍ॅक्टच्या कलम २६ खाली जवानाला वरच्या अधिकाऱ्यांकडे तक्रार करायचा हक्क आहे. नकार लेखी आला तर ती पायरी आधी चढायची. पण मी तुमच्या जागी असतो तर आत्ता भांडणाची भाषा मनातही आणली नसती. पहिला अर्ज नीट जाऊ दे.

जुना_हेडक्लार्क (निवृत्त सुभेदार, खटाव)

वकीलसाहेबांनी लाखमोलाचं लिहिलंय.

पुण्याच्या ताईंशी मी वाद घालत नाही, मुलीच्या बाबतीत त्यांचं बरोबरच आहे. पण म्हाताऱ्या माणसाला उंबऱ्यावरून ओढून न्यायचं आणि त्याने तिकडे अंथरूण धरायचं, तेही मी पाहिलंय. म्हणून मला मधली वाट दिसते. पोस्टिंग मिळाली तर ती मुदत नुसती घर सावरण्यात घालवू नका. त्या काळात यांनी तीन कामं उरकायची: वाटेचा आणि विहिरीचा निकाल, आण्णांसाठी सवयीचा माणूस आणि घरातच धरायला कठडे, संडासाची नीट सोय, आणि मुलीसाठी पुण्याच्या क्वार्टरचा नंबर. आण्णा मुलाच्या हाताला धरून जितकं ऐकतील तितकं सुनेच्या सांगण्याने ऐकणार नाहीत, हा जुन्या माणसांचा स्वभाव आहे. मुलगा समोर असेल तर ते कदाचित पुण्यालाही येतील.

आणि हेच अर्जात लिहायचं! रेकॉर्डच्या साहेबांना सगळ्यात जास्त हे वाचायचं असतं की हा जवान त्या मुदतीत करणार काय आणि नंतर परत पलटणीत येणार का. यांना असं काहीसं लिहायला सांगा, शब्द त्यांचे स्वतःचे असू देत:

"माझे वडील अमुक तारखेपासून अर्धांगवायूने अंथरुणावर आहेत, सरकारी डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मुलगी दिव्यांग असून तिला नियमित फिजिओथेरपी लागते, यूडीआयडी जोडले आहे. आई हयात नाही, मला भाऊ नाही. घरात पत्नी एकटी आहे. शेताची वाट अडवल्याबाबत तहसीलदारांकडे दावा दाखल आहे, प्रत जोडली आहे. मला काही काळ घराजवळ ठेवल्यास मी वडिलांची कायमची व्यवस्था, दाव्याचे काम आणि मुलीच्या इलाजासाठी कुटुंबाचे पुण्यास स्थलांतर ही कामे पूर्ण करून पलटणीत परत येईन."

यात एकही रडका शब्द नाही, आणि काही लपवलेलंही नाही.

पलटण पीसला, म्हणजे कुटुंब ठेवता येतं अशा ठिकाणी कधी येणार याचा अंदाज यांना असेल. ते इथे लिहू नका, पण आपसात बोला. थोडेच महिने उरले असतील तर अटॅचमेंट आणि सुट्टी यांवर तेवढा काळ निभावून पुढे पीस स्टेशनला फॅमिली क्वार्टर घेणं सोपं पडेल. सुट्टी वर्षाला साठ दिवसांची अ‍ॅन्युअल आणि तीस दिवसांची कॅज्युअल मिळते. सगळी एकदम उडवायची नाही, काही तहसीलच्या तारखांसाठी राखायची.

आणि एक हात जोडून सांगणं. सुट्टीवर आले आणि आण्णांची तब्येत बिघडली, तरी न कळवता एक दिवससुद्धा जास्त राहायचं नाही. पलटणीला फोन करायचा, मुदतवाढ मागायची, हॉस्पिटलचा कागद पाठवायचा. सुट्टी ओलांडणं हा आर्मी अ‍ॅक्टखाली गुन्हा आहे, आणि एकदा रेड इंक एंट्री (शिक्षेची लाल शाईची नोंद) पडली की मग हाच अर्ज कुणी सहानुभूतीने वाचत नाही. तसंच वैतागून "डिस्चार्ज घेतो" म्हणतील. घेऊ देऊ नका. पेन्शनला पंधरा वर्षं लागतात. अकरा-बारा वर्षांवर घरी आले तर पेन्शन नाही, आणि पेन्शनबरोबर मिळणारा ईसीएचएसचा (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा) इलाज नाही. दिव्यांग मुलगी असलेल्या घराला तो इलाज जन्मभर लागणार आहे.

वानवडीची_आई

काका, मधली वाट मलाही पटली. ताई, क्वार्टरच्या वेटिंगमध्ये नाव मात्र आत्ताच लावा, आण्णांचं नंतर ठरलं तरी चालेल. नंबर आल्यावर नको म्हणता येतं, पण नाव लावलं नसेल तर काहीच करता येत नाही. आणि फिजिओला जाता येत नाही त्या दिवशी घरी करायचे व्यायाम थेरपिस्टकडून फोनवर रेकॉर्ड करून घ्या. मीही तसंच करायचे. जिल्हा रुग्णालयात लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे का तेही विचारा, तिथे थेरपीला पैसे पडत नाहीत.

माणदेशची_सून

सगळ्यांना कळवते. मिस्टर एसएम साहेबांशी बोलले. ते त्यांच्यावर रागावलेच, "इतके दिवस गप्प का बसलास" म्हणून. त्यांनीच कंपनी कमांडर साहेबांकडे नेलं. साहेबांनी मुलीचं नाव विचारलं, आण्णांचं वय विचारलं आणि अर्ज द्यायला सांगितलं. मिस्टरांचा आवाज फोनवर कितीतरी दिवसांनी मोकळा वाटला. पर्याय म्हणून बेळगाव सेंटर पहिलं लिहिलंय. कॅडर झालेलं आहे.

सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन आले. त्यांनी नाव लिहून घेतलं, संघटक घरी येणार आहेत. तहसीलला दावा दाखल झाला, सहा महिन्यांच्या आत बसला. आता मोजणीची फी भरायची आहे. पैसे मागणाऱ्याला नाही म्हणून सांगितलं.

एवढंच विचारायचं होतं, यूडीआयडी आणि आण्णांचे कागद पलटणीत मूळ पाठवायचे की झेरॉक्स?

जुना_हेडक्लार्क (निवृत्त सुभेदार, खटाव)

मूळ कागद घरातून हलवू नका. झेरॉक्सवर साक्षांकन करून घ्या आणि तीन संच करा. एक स्पीड पोस्टाने यांच्याकडे, एक सैनिक कल्याण कार्यालयात, एक तुमच्याकडे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आधी पाठवले तर क्लार्कला काम सुरू करता येतं, पण अर्जाला कागदच लागतो. पोस्टाची पावती जपा.

मोजणीची तारीख लागली की इथे कळवा. मला दहिवडी लांब नाही, मी आणि आमच्या माजी सैनिक संघटनेतले दोघे-तिघे त्या दिवशी येऊ. भावकीशी भांडायला नाही, मोजणीदार खुणा कुठे ठोकतो ते बघायला आणि पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून सही करायला. लगतच्या खातेदारांना नोटीस पोचली का तेवढं आधी भूमी अभिलेखमध्ये विचारून ठेवा, नाहीतर तेच कारण काढून मोजणी उधळतात.